सुरुवात अजिंक्यताऱ्यापासून करू नका

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यावर नव्या बुटांची गर्दी असते. संक्रांत उलटली की त्यातले निम्मे दिसेनासे होतात. त्यांच्यात जिद्द नव्हती असं मला वाटत नाही, त्यांचा क्रम चुकला. वर्षानुवर्षं शाहूपुरीतून मोती चौकापर्यंत गाडीवर जाणारा चाळिशीचा माणूस पहिल्याच पहाटे ३०० मीटरचा चढ चढायला जातो. तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. चौथ्या दिवशी पाऊस, पाहुणे किंवा ऑफिसची मीटिंग येते, आणि ‘आपल्याला नाही जमत बुवा’ म्हणून बूट कपाटात जातात.

ज्यांनी आजवर तब्येतीसाठी ठरवून काहीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी हा तीन महिन्यांचा क्रम आहे. नियम एकच, एका वेळी एकच नवी गोष्ट धरायची. ती अंगवळणी पडली की मगच पुढची. किल्ला यात आहे, पण शेवटी.

पायरी पहिली: आधी मोजून घ्या

सुरुवातीला चार आकडे वहीत लिहा: वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि उपाशीपोटी साखर. वजनापेक्षा कमरेकडे जास्त लक्ष द्या. आपल्याकडे अंगकाठी किरकोळ आणि पोट तेवढं पुढे, असे लोक खूप. त्यांना कुणी जाड म्हणत नाही, पण साखर आणि हृदयविकाराचा धोका त्या पोटाच्या चरबीतच असतो. टेप बेंबीच्या रेषेत धरा, श्वास सहज सोडा आणि पोट आत न ओढता मापा. पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटर आणि बायकांचा ८० सेंटीमीटर, म्हणजे अंदाजे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच, यापुढे गेला की सावध व्हायचं. पँटच्या मापावर जाऊ नका. पँट पोटाखाली बांधली की ती वर्षानुवर्षं तेच माप सांगत राहते.

रक्तदाब मोजायची एक पद्धत आहे आणि ती फार कमी लोक पाळतात. जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता, चहा घेऊन लगेच मोजलेला आकडा भरवशाचा नसतो. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवा. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं, गुगलकडे नाही. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि १२६ किंवा त्यापुढे आली तर पुन्हा तपासून खात्री करून घ्यायची.

यासाठी महागडं पॅकेज लागत नाही. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी उपकेंद्रात, आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. त्याच कार्यक्रमात तोंडाच्या, आणि बायकांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही येते. आशाताई फॉर्म भरायला दारात आल्या तर ‘आम्हाला काय झालंय’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. रक्तदाब आणि साखर वाढली तरी बरीच वर्षं काहीच दुखत नाही, म्हणून तर हा खटाटोप.

आधीपासून हृदयाचा त्रास असेल, चालताना छातीत दाटत असेल किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर पुढचं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पहिले दोन आठवडे: शतपावली, पण खरीखुरी

पहाटे उठायचं नाही, बूट घ्यायचे नाहीत. रात्रीचं जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चालायचं, एवढंच. आपल्या आजी-आजोबांची शतपावली अंगणात व्हायची. आता ती सोफ्यापासून फ्रिजपर्यंत होते. जेवणानंतर रक्तात साखर चढते आणि त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू चालू असले की ते ती साखर ओढून घेतात. म्हणून जेवून लगेच केलेलं हे थोडंसं चालणं त्याच्या वेळेच्या मानानं जास्त कामाला येतं. धावपळ नको, रमतगमत चाललं तरी हरकत नाही.

दोन आठवड्यांत ते अंगात मुरलं की दिवसाचं चालणं वाढवा. साताऱ्यात त्यासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. राजवाड्यापासून राजपथानं पोवई नाक्याला बऱ्या चालीनं अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. जाताना वरचा रस्ता आणि येताना खालचा धरला की फेरी झाली. संध्याकाळी त्या भागात गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात माणूस चालत जाऊन भाजी घेऊन परत येतो. गाडी घरी ठेवायचं हे कारण मला आरोग्यापेक्षाही पटतं.

वेग कसा ओळखायचा? चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. अशा चालीनं आठवड्याला निदान १५० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवस अर्धा अर्धा तास. तो अर्धा तास सलगच हवा असंही नाही. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही मोजले जातात.

पावसाळ्याचा प्रश्न येणारच. जून ते सप्टेंबर साताऱ्यात छत्री मिटायची सोय नसते आणि बहुतेकांची सवय इथंच मोडते. त्या दिवसांसाठी बदली खेळाडू आधीच ठरवून ठेवा: इमारतीचा जिना, घरातला लांब पॅसेज, नाहीतर सूर्यनमस्कार. पाऊस आला की काय करायचं हे पावसाच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे.

तिसरा आणि चौथा आठवडा: चहा

सगळ्यात जास्त वाद इथं होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दिवसाला चार कप चहा ही साताऱ्यात काही अतिशयोक्ती नाही. सकाळचा एक, कामावर दोन, संध्याकाळी कुणाकडे तरी एक. कपाला दोन चमचे साखर धरा. चमच्यात चार ते पाच ग्रॅम मावते, म्हणजे रोजची ३२ ते ४० ग्रॅम, महिन्याची किलोच्या घरात, ती नुसत्या चहातून. वरून घेतलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ च्या आत ठेवावी, असा जागतिक सल्ला आहे. ‘मी गोड खातच नाही हो’ म्हणणाऱ्या माणसानंही दुपारच्या चहापर्यंत ती २५ ची रेघ जवळजवळ गाठलेली असते.

आता गुळाचा चहा. हायवेला, नाक्यानाक्यावर पाट्या लागल्यात आणि लोक तिथं औषध प्यायल्यासारखे दोन-दोन कप घेतात. गूळ चवीला छान, त्यात खनिजं थोडीफार असतात, पण रक्तात गेल्यावर तो साखरच. कराड-पाटणचा गूळ मलाही आवडतो. तो पोळीबरोबर चवीसाठी खावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसानं ‘गुळाचा आहे, चालतो’ म्हणून जादा कप घेतला तर तो स्वतःला फसवतो.

साखर एकदम तोडू नका. घरात पातेल्यात साखर घालणं बंद करा. ज्याला हवी त्यानं कपात वरून घ्यावी. यानं घरातल्या प्रत्येकाला आपण किती घेतो ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं. मग दर आठवड्याला पाव किंवा अर्धा चमचा कमी करत जायचं. जीभ दोन-तीन आठवड्यांत बदलते. नंतर जुना चहा पाकासारखा लागतो. कपांची संख्या त्यानंतर कमी करा, आधी नाही.

पाहुणचाराचं काय? कुणाच्या घरी गेल्यावर ‘चहा नको’ म्हणणं म्हणजे अपमानच. पण ‘वहिनी, अर्धाच कप, आणि साखर टाकायच्या आधी माझा काढून ठेवा’ असं आत गेल्या गेल्या सांगितलं तर कुणी रागावत नाही. उकळी फुटल्यावर सांगितलं तर रागावतात. टपरीवर ‘बिनसाखरेचा’ म्हटलं की पोरगा विचारतो, ‘शुगर हाय का?’ त्यावर ‘होऊ नये म्हणून’ हे उत्तर पुरतं.

चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि बिस्किटं ही मैदा आणि तुपाच्या नावाखालच्या वनस्पतीची जोडी. त्याऐवजी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवा. आणखी एक, खास बायकांसाठी: जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका. पालेभाजी आणि डाळीतलं लोह शरीराला मिळण्यात चहा आडवा येतो. आपल्याकडे बायकांचं रक्त आधीच कमी भरतं. तासभर थांबा, आणि जेवणात लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त मिळतं.

दुसरा महिना: ताटाची डावी बाजू

भाकरी बंद, भात बंद, असलं काही करायचं नाही. माण-खटावची बाजरी-ज्वारी आणि डोंगरपट्ट्यातली नाचणी ही चांगलीच धान्यं आहेत. पण तीन भाकऱ्या नांगरामागं चालणाऱ्याच्या होत्या, आणि आपण त्या खुर्चीवर बसून खातो. एक भाकरी कमी करायची असेल तर आधी एक वाटी उसळ वाढवा. पोट उसळीनं भरलं की तिसरी भाकरी आपोआप मागे पडते. नुसती भाकरी कमी केली तर रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतो.

उसळीला इथं काय तोटा! मटकी, हुलगे, चवळी, आणि भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडा. थंडीत हुलग्याचं माडगं करा, पोटभरीचं आणि स्वस्त. शाकाहारी घरांत प्रथिनं कमी पडतात, म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही-ताक, अंडं यांपैकी एक काहीतरी हवंच. रविवारचं मटण असू द्या, फक्त रश्श्यावरचा कट पळीनं बाजूला काढा.

आता डावी बाजू. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लोणचं, चटणी, पापड आणि कोशिंबीर असते. यातली कोशिंबीर चमचाभर आणि लोणचं-पापड ढीगभर, असं उलटं झालंय. ते सरळ करा: कोशिंबीर वाटीभर, बाकीचं बोटभर. दिवसाचं मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, तोही भाजी-आमटी-भाकरी सगळं धरून. ठेचा, पापड, शेव यांतूनच त्याचा बराचसा भाग संपतो. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ मात्र मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असतं.

तेल मोजायचा सोपा मार्ग: महिन्याला घरात किती लिटर आलं ते बघा. माणशी साधारण अर्धा लिटर ठीक. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर तळण कुठं होतंय हे तुम्हाला माहीत आहेच.

उपवासाबद्दल बोललं की घरात वातावरण तापतं, तरी बोलतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बटाटा, तूप, दाण्याचं कूट आणि शेवटी केळीचे वेफर. करायचा तर वरीचा भात, दाण्याची आमटी, राजगिरा, ताक, फळं असा करा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास डॉक्टरांशी न बोलता करू नये. साखर एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो.

आणि कंदी पेढे? खा की. एक खा, सणाला खा. फक्त बॉक्स टीव्हीसमोर उघडा ठेवू नका.

यासाठी आठवडा ठरवायचा नाही: तंबाखू आणि मशेरी

ही एकच गोष्ट क्रमाबाहेरची. तंबाखू चालू असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती सोडा.

चुना-तंबाखूबद्दल सगळे बोलतात, मशेरीबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती घरातल्या बायका लावतात. भाजलेली तंबाखू दातांना घासायची, सकाळी एकदा आणि मग ‘पोट साफ होत नाही’ म्हणून दिवसातून आणखी दोन-तीनदा. ती दंतमंजन नाही, ती तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, म्हणून तर ती सुटत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तंबाखू खाणाऱ्या पुरुषाला आहे तसाच तिलाही. सासूबाईंना ‘घाण सवय’ म्हणून सुनेनं बोललं तर भांडण होईल आणि मशेरी चालूच राहील. त्यांना तोंडाच्या तपासणीला नेणं जास्त उपयोगी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दाखवा.

सोडायची तारीख ठरवा आणि घरच्यांना सांगा. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, उठून बाहेर जा. सुपारी मात्र नको, तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप बिघडते, ते ओसरतं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

झोप

सात तास, आणि उठायची वेळ रोज एकच. मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी जड जेवण पाळीच्या आधीच उरकावं, मध्यरात्री हलकं काहीतरी घ्यावं आणि दिवसा खोलीत अंधार करून सलग झोपावं. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसभर पेंग येणं हे थट्टेवारी न्यायचं प्रकरण नाही. डॉक्टरांना सांगा.

तिसरा महिना: बैठका आणि मग चढ

चालण्यानं दम वाढतो, ताकद फारशी नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, आणि म्हातारपणी माणूस पडतो तो बऱ्याचदा त्यामुळे. आठवड्यातून दोन दिवस पंधरा मिनिटं पुरे. तालमीत जायची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा, पायऱ्यांवर टाचा वर-खाली करा. जमायला लागलं की खुर्ची काढून अर्ध्या बैठका. गुडघे कुरकुरत असतील तर पूर्ण खाली जाऊ नका. आणि दिवसातलं एक जेवण तरी जमिनीवर मांडी घालून करा. हात न टेकता उठता येणं ही चांगली परीक्षा आहे.

आता किल्ला. पहिल्या रविवारी वाटेतल्या ‘चार भिंती’ या हुतात्मा स्मारकापर्यंतच जा आणि परत फिरा. पुढच्या रविवारी थोडं वर. दारापर्यंत पोचायला तीन-चार रविवार लागले तरी बिघडत नाही. माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे कुठूनही मागे फिरता येतं. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांना त्रास उतरताना होतो. म्हणून उतरताना पावलं छोटी टाका, धावू नका, काठी घ्यायला लाजू नका. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत वयस्कर आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी उन्हं वर आल्यावरच निघावं. छातीत दाब आला, हातात, जबड्यात कळ गेली, थंड घाम फुटला तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे चालू नका. बसा आणि १०८ ला फोन लावा.

इथली डोंगराळ अर्धमॅरेथॉन २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटात होते, आणि ती बघून दरवर्षी कुणीतरी घरी ‘पुढच्या वर्षी मी’ असं जाहीर करतं. करा, पण एकवीस किलोमीटर घाटात पळायला हे तीन महिने पुरत नाहीत. ते वर्षभराचं काम आहे.

नव्वदाव्या दिवशी

तेच चार आकडे, त्याच पद्धतीनं, त्याच वहीत. वजन फारसं हललं नसेल आणि कंबर दोन-तीन सेंटीमीटर उतरली असेल, तर गाडी बरोबर चालली आहे. उपाशीपोटी साखरेबरोबर एचबीएवनसी ही तपासणी करून घेतली तर गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ च्या खाली चांगली, ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह. रक्तदाब किंवा साखर उतरलेली दिसली म्हणून चालू गोळ्या स्वतःहून अर्ध्या करू नका, बंद तर मुळीच नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की नाही हे ते ती वही बघून ठरवतील.